स्टार्टअपचं सॉफ्टवेअर: स्वतःची टीम की बाहेरची कंपनी? पहिल्यांदाच ठरवणाऱ्यांसाठी

स्टार्टअप सुरू झालं की थोड्याच दिवसांत हा प्रश्न समोर येतो. ॲप बनवायला माणसं नोकरीवर घ्यायची, की एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीला काम द्यायचं? बहुतेक जण सुरुवात कोटेशनपासून करतात. तीन-चार कंपन्यांना मेल जातात, आकडे येतात, त्यातला मधला आकडा बरा वाटतो आणि काम सुरू होतं. माझ्या मते इथेच क्रम उलटा पडतो. किती पैसे लागतील हे विचारायच्या आधी, या सॉफ्टवेअरमधलं काय आपल्याला स्वतःला कळलंच पाहिजे, हे ठरवावं लागतं.

मी दोन्ही बाजूंनी काम केलं आहे, बाहेरची कामं घेणाऱ्या कंपनीत आणि स्टार्टअपच्या स्वतःच्या टीममध्येही. त्यातून एक मत पक्कं झालं आहे. कोड कुणीही लिहिला तरी चालेल, पण तो तसाच का लिहिला हे सांगू शकणारं माणूस तुमच्या कंपनीत हवं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या मतातून आलेल्या आहेत.

पायरी १: मुळात बनवायलाच हवं का, ते बघा

ही पायरी लोक गाळतात, म्हणून आधी घेतो. कल्पना अजून पारखलेली नसेल, तर पहिले काही ग्राहक एक फॉर्म, एक स्प्रेडशीट आणि फोन एवढ्यावर सांभाळता येतात. लॉगिन, पेमेंट, मेल पाठवणं, नकाशे यांसाठी तयार सेवा आहेत आणि त्या विकत घेणंच शहाणपणाचं आहे. नो-कोड साधनांवर, म्हणजे कोड न लिहिता ॲप जोडता येतं अशा साधनांवर, साधं चालतं ॲप उभं राहतं. ते पुढे फेकून द्यावं लागेल, हे खरं. पण तोवर ग्राहक काय वापरतो आणि कशाकडे ढुंकूनही बघत नाही हे कळलेलं असतं, आणि ती माहिती हातात असताना बनवून घेतलेलं सॉफ्टवेअर पुष्कळ नेमकं होतं.

पायरी २: उत्पादनाचे तुकडे करा

‘आमचं ॲप’ ही एकच वस्तू समजून निर्णय घेऊ नका. कागदावर तिचे भाग लिहा. समजा तुम्ही छोट्या दुकानदारांना घाऊक माल मिळवून देणारं ॲप करताय. त्यात दुकानदाराचं ॲप असेल, पुरवठादाराचं पॅनल असेल, कुठल्या दुकानाला कुठला माल सुचवायचा आणि काय भाव दाखवायचा हे ठरवणारा भाग असेल, पैसे गोळा करणं असेल, हिशेबाचे रिपोर्ट असतील, कंपनीची वेबसाइट असेल.

आता प्रत्येक भागापुढे दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. हा भाग पुढच्या सहा महिन्यांत किती वेळा बदलेल? आणि हा भाग कुणी हुबेहूब नक्कल केला तर आपला धंदा धोक्यात येईल का?

सुचवण्याचा आणि भाव ठरवण्याचा भाग दर आठवड्याला बदलेल, कारण तुम्ही तोच शिकत आहात. तो घरात ठेवा. कंपनीची वेबसाइट, रिपोर्ट, पेमेंट जोडणं ही कामं एकदा नीट सांगितली की बाहेर होऊ शकतात. जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये आणण्यासारखं एकदाच करायचं काम बाहेर देणं केव्हाही सोयीचं. सुरक्षा तपासणी तर बाहेरच्याच माणसाकडून करून घ्यावी, कारण स्वतः लिहिलेल्या कोडमधली भोकं स्वतःला दिसत नाहीत.

ऑफिसातल्या टीमला आपसात मेसेज करण्यासाठीचं ॲप बनवणाऱ्या स्लॅकचं उदाहरण इथे चपखल बसतं. ही कंपनी आधी एक ऑनलाइन गेम बनवत होती आणि तो २०१२ साली बंद पडला. गेम बनवताना टीमने आपसात बोलण्यासाठी जे साधन तयार केलं होतं, त्यातून स्लॅक उभं राहिलं. २०१३ साली त्यांनी मेटालॅब या कॅनडातल्या डिझाइन कंपनीला काम दिलं. लोगो, वेबसाइट, ॲपचं रूप यावर त्या बाहेरच्या कंपनीने काम केलं. उत्पादन कसं वागतं याची समज आणि इंजिनिअर मात्र स्वतःचेच होते. ‘स्लॅकनेसुद्धा बाहेरून करून घेतलं’ एवढंच सांगणारे हा दुसरा भाग सांगत नाहीत.

पायरी ३: एक वाक्य घ्या आणि ते सोलून बघा

एखादा भाग बाहेर देण्याजोगा आहे की नाही हे तपासायची एक साधी रीत आहे, आणि मी ती प्रत्येकाला करायला सांगतो. त्या भागाचं एक वाक्य लिहा. उदाहरणार्थ, ‘दुकानदाराला ऑर्डर रद्द करता आली पाहिजे.’ वाचायला सोपं आहे. आता त्यावर प्रश्न विचारत जा.

कधीपर्यंत रद्द करता येईल? माल पुरवठादाराकडून निघाल्यावरही? अर्धाच माल रद्द करायचा असेल तर? पैसे आधीच भरले असतील तर परत त्याच खात्यात जाणार, की पुढच्या ऑर्डरमध्ये वळते होणार? त्या ऑर्डरवर सवलत मिळाली होती आणि उरलेली ऑर्डर आता सवलतीच्या किमान रकमेखाली गेली, तर सवलत काढून घ्यायची का? पुरवठादाराला कळवायचं कसं, आणि त्याने ते पाहिलंच नाही तर? एकच दुकानदार रोज ऑर्डर रद्द करायला लागला तर त्याला थांबवायचं का, आणि ते ठरवणार कोण?

यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे आज तयार असतील, तर ते काम लिहून बाहेर देता येईल. ‘हे करून बघितल्यावर कळेल’ असं उत्तर वारंवार येत असेल, तर तो भाग अजून शिकण्याच्या अवस्थेत आहे. तो बाहेर दिलात तर प्रत्येक उत्तरासाठी मेल, मीटिंग आणि नवं एस्टिमेट. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर समोरचा डेव्हलपर स्वतःच काहीतरी ठरवून पुढे जाईल. त्यात त्याची चूकही नसते, त्याला शुक्रवारी काम द्यायचं असतं. पण दोन महिन्यांनी तुमच्या धंद्याचे नियम तुम्हाला न विचारता ठरलेले असतात, आणि ते कोडमध्ये कुठे आहेत हे फक्त त्यालाच ठाऊक असतं.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली हाच मुद्दा सर्वसाधारणपणे मांडला होता. सगळं काही बाजारातून घेता येत असताना कंपन्या मुळात असतातच कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. प्रत्येक व्यवहार ठरवायला, त्यावर बोलणी करायला आणि तो पाळला जातोय का हे बघायलाही खर्च येतो, आणि तो खर्च जिथे जास्त होतो तिथे काम आत आणणं परवडतं. ऑर्डर रद्द करण्याच्या वाक्यात जितके प्रश्न अनुत्तरित, तितका हा खर्च मोठा.

पायरी ४: हिशेब दोन वर्षांचा मांडा

आता पैशांकडे या. पगार आणि कोटेशन यांची थेट तुलना करू नका, दोन्ही आकडे अपुरे असतात.

नोकरीवर माणूस घेताना पगाराशिवाय कायद्याने भरावे लागणारे हिस्से, लॅपटॉप, सॉफ्टवेअरची वर्गणी, माणूस शोधण्यात गेलेला तुमचा वेळ, आधीच्या कंपनीतला त्याचा नोटीस पिरियड आणि त्याला काम समजेपर्यंतचे आठवडे हे सगळं धरा. काम कमी असलेल्या महिन्यातही पगार जातोच.

बाहेर काम देताना कोटेशनवर चार गोष्टींची भर घाला: तुम्ही काम लिहून देण्यात आणि तपासण्यात घालवलेले तास, मध्येच सुचलेल्या बदलांचं वेगळं बिल, पुढे काम घरात आणायचं ठरलं तर हँडओव्हरचा, म्हणजे काम एका टीमकडून दुसरीकडे सोपवण्याचा काळ, आणि देखभाल. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. ॲपल आणि गूगल दरवर्षी फोनच्या सिस्टीमची नवी आवृत्ती आणतात. प्ले स्टोअरवर ॲप अपडेट करत राहायचं तर ते ठरावीक मुदतीत बऱ्यापैकी नव्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी जुळवून घ्यावं लागतं. म्हणजे तुम्ही एकही नवी सोय दिली नाहीत तरी दरवर्षी ॲपवर काम निघतंच. त्यासाठी कोण असेल, काय दराने असेल, हे आजच विचारा.

दोन वर्षांचा तक्ता केलात की बऱ्याचदा दिसतं ते असं: बाहेरचं काम पहिल्या सहा महिन्यांत स्वस्त पडतं, आणि सतत बदलणारं उत्पादन असेल तर पुढे महाग होत जातं. थोडक्या, ठरलेल्या कामाला हे लागू नाही. तिथे बाहेरचंच स्वस्त राहतं.

वेळेचाही हिशेब याच तक्त्यात घाला. चांगला डेव्हलपर शोधून रुजू व्हायला काही महिने जाऊ शकतात, एजन्सी, म्हणजे बाहेरची कामं घेणारी कंपनी, पुढच्या सोमवारी सुरुवात करू शकते. हा फायदा मोठा आहे आणि तो नाकारायचं कारण नाही. म्हणूनच मी अनेकांना मिश्र वाट सुचवतो: एक पक्का तांत्रिक माणूस आत, बाकी हात बाहेरचे, आणि उत्पादन स्थिरावेल तसं मुख्य काम हळूहळू आत.

पायरी ५: आतला तो एक माणूस आधी शोधा

फाउंडरपैकी कुणाला कोड कळत असेल तर ही पायरी झालीच. नसेल, तर एजन्सी शोधण्याआधी हा माणूस शोधा. तो पूर्णवेळच हवा असं नाही. आठवड्यातून काही तास देणारा अनुभवी सल्लागारही सुरुवातीला चालतो, फक्त तो काम घेणाऱ्या एजन्सीचा नसावा. त्याने कोड वाचावा, एजन्सीच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत, आणि ‘हे असं नको’ म्हणायची हिंमत ठेवावी.

हा माणूस नसला की काय होतं ते अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. आरोग्य विम्यासाठीची हेल्थकेअर डॉट गव्ह ही सरकारी वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाली. पन्नासहून अधिक कंत्राटदारांनी तिचे भाग बनवले होते, आणि ते सगळे भाग जुळवून संपूर्ण सिस्टीमची जबाबदारी घेणारं पुरेसं तांत्रिक बळ सरकारी खात्याकडे नव्हतं. पहिल्या दिवशी संपूर्ण प्रक्रिया पार पाडून विम्याची नोंदणी करू शकले ते अवघे ६ जण. स्टार्टअपचं काम याच्या शंभराव्या हिश्शाचंही नसतं, पण डिझाइन एकाकडे, ॲप दुसऱ्याकडे आणि सर्व्हर तिसऱ्याकडे असले की ‘आमच्या बाजूने सगळं ठीक आहे’ हे वाक्य तिघांकडूनही ऐकू येतं. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली लिहून ठेवलं होतं की संस्थेत लोक एकमेकांशी जसे बोलतात, तशीच तिची सिस्टीम बनते. तीन व्हेंडर एकमेकांशी बोलत नसतील, तर त्यांचे तीन भागही नीट बोलणार नाहीत.

स्काइपचा दाखलाही आउटसोर्सिंगच्या बाजूने नेहमी दिला जातो. निक्लास झेनस्ट्रॉम आणि यानुस फ्रिस यांची इंटरनेटवरून कॉल करू देणारी ही कंपनी २००३ साली आली आणि तिचा कोड एस्टोनियातल्या इंजिनिअरांनी लिहिला. पण त्या इंजिनिअरांनी याच दोघांसाठी आधी कझा हे फाइल शेअर करण्याचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं, आणि स्काइपमध्ये त्यांचा हिस्साही होता. २००५ साली ईबेने स्काइप विकत घेतली तेव्हा त्यांनाही त्यातला वाटा मिळाला. दुसऱ्या देशात बसलेले असले तरी ती माणसं आतलीच होती. अंतर आणि आपलेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, निर्णय घेताना त्यांची गल्लत करू नका.

पायरी ६: बाहेर देणार असाल, तर निवड कशी करायची

जुन्या कामांचे सुंदर स्क्रीनशॉट सगळेच दाखवतात. त्यापेक्षा असा ग्राहक विचारा ज्याचं काम संपलेलं आहे, आणि त्याला फोन करा. ज्याचं काम अजून चालू आहे तो ग्राहक अडचणीतलं बोलत नाही, त्याचं काम एजन्सीच्या हातात असतं. काम संपलेल्या ग्राहकाला दोनच गोष्टी विचारा: काम उशिरा होणार हे तुम्हाला कधी आणि कसं कळलं? आणि काम संपल्यावर कोड दुसऱ्या कुणाला चालवता आला का?

मीटिंगला येणारा अनुभवी माणूस आणि प्रत्यक्ष काम करणारा माणूस वेगळे असतात, हे बाहेरची कामं घेणाऱ्या धंद्यात सर्रास चालतं. म्हणून काम कोण करणार त्यांची नावं मागा, त्यांच्याशी बोला, आणि माणूस बदलायचा असेल तर आधी कळवण्याची अट करारात घाला. दूरच्या देशातली टीम असेल तर दोघांच्या कामाच्या वेळांत रोज निदान तीन तास एकत्र मिळतात का ते बघा. ते नसेल तर एका प्रश्नाच्या उत्तराला एक दिवस जातो.

मग मोठं काम देण्याआधी एक छोटं काम पैसे देऊन करून घ्या, दोन आठवड्यांचं. फुकट नमुना मागू नका, फुकट कामावर चांगली माणसं बसवली जात नाहीत. त्या दोन आठवड्यांत त्यांनी तुम्हाला किती प्रश्न विचारले हे मोजा. पायरी ३ मधलं ऑर्डर रद्द करण्याचं वाक्य द्या, आणि ‘हो, होऊन जाईल’ एवढंच उत्तर आलं तर तिथेच थांबा. जो माणूस सवलतीचं काय करायचं असं विचारतो, तो तुमच्या कामाचा.

पायरी ७: चाव्या पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर

सगळ्या लेखातली एकच पायरी पाळायची असेल तर ही पाळा. घर तुमचं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशी अवस्था सॉफ्टवेअरमध्ये फार सहज होते. एजन्सी म्हणते, ‘आत्ता आमच्या खात्यावर टाकतो, नंतर ट्रान्सफर करू.’ नम्रपणे नाही म्हणा.

कोडची रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्यातले बदल साठवण्याची ऑनलाइन जागा, तुमच्या कंपनीच्या खात्यात असावी आणि त्यांना तिथे प्रवेश द्यावा. काम रोज तिथे जमा झालं पाहिजे, महिन्याच्या शेवटी झिप फाइलने नव्हे. डोमेन, क्लाउडचं खातं, पेमेंट गेटवे, मेल आणि एसएमएस पाठवणाऱ्या सेवा, सगळ्यांवर कंपनीचा ईमेल आणि कंपनीचं कार्ड. त्या ईमेलचा पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याचा कोड येणारा फोन फाउंडरकडे.

ॲप स्टोअरचं काम आधीच सुरू करा, त्याला वेळ लागतो. ॲपलकडे कंपनीच्या नावाने डेव्हलपर खातं काढायला डी-यू-एन-एस हा कंपनीचा ओळख क्रमांक लागतो. घाईत कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावरून ॲप टाकलं, तर स्टोअरवर विक्रेता म्हणून त्या व्यक्तीचं नाव दिसतं. गूगल प्लेवर ॲपचं पॅकेजचं नाव, म्हणजे स्टोअरमधली त्याची तांत्रिक ओळख, एकदा प्रसिद्ध झालं की बदलता येत नाही, आणि ॲप दुसऱ्या खात्यावर हलवायचं तर मूळ खात्याच्या मालकानेच अर्ज करावा लागतो. त्या मालकाशी तुमचं बिलावरून बिनसलेलं असेल, तर तुमचे सगळे ग्राहक, रेटिंग आणि प्रतिक्रिया अशा खात्यात अडकतात जे तुमचं नाही. अँड्रॉइड ॲप अपलोड करताना वापरायची सही करणारी फाइल आणि तिचा पासवर्डही मागून घ्या, आणि दोन ठिकाणी जपून ठेवा.

पायरी ८: करारात काय असावं

वकील लावा, टेम्प्लेटवर भागवू नका. पण वकिलाकडे जाताना मुद्दे तुमचे असू द्या.

पैसे दिले म्हणजे कोड आपोआप आपला झाला, हा समज बऱ्याच देशांत चुकीचा ठरतो. नोकरीतल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड साधारणपणे कंपनीचा असतो. बाहेरच्या माणसाचं तसं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली एका शिल्पाच्या खटल्यात हा फरक स्पष्ट केला. शिल्पकार नोकर नव्हता, स्वतंत्र कंत्राटदार होता, म्हणून संस्था केवळ काम करवून घेतल्यामुळे कॉपीराइटची मालक ठरली नाही. शिल्पाला लागू झालेलं तत्त्व कोडलाही लागू होतं. भारतातल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तर हक्क लिहून देतानाही मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं. म्हणून करारात हक्क कायमचे, जगभरासाठी आणि लेखी तुमच्याकडे येतात हे स्पष्ट हवं. एजन्सी पुढे फ्रीलान्सरकडून काम करून घेत असेल, तर त्याच्याकडूनही तसं लिहून घेतलेलं हवं. गुंतवणूकदाराचा वकील पुढे नेमकं हेच कागद मागतो.

ग्राहकांची वैयक्तिक माहिती बाहेरच्या टीमला दिसणार असेल तर त्याचा वेगळा करार करा. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या २८ व्या कलमानुसार असा करार बंधनकारकच आहे. कायदा नसेल तिथेही चाचणीसाठी खरा डेटा देऊ नका, बनावट नावं आणि नंबर टाकून दिलेला डेटा पुरतो.

पैसे कसे द्यायचे, तर काम पक्कं आणि छोटं असेल तेव्हा ठरावीक रक्कम. बदलणारं काम असेल तर तासांवर, पण महिन्याची कमाल मर्यादा आणि दोन आठवड्यांच्या नोटिशीवर थांबण्याची मुभा ठेवून. बदलणाऱ्या कामाला ठरावीक रक्कम लावली की दोन्हीकडे कुरबुर सुरू होते: समोरच्याचा फायदा कमीत कमी करण्यात असतो, तुमचा जास्तीत जास्त मागण्यात. हप्ते ‘७० टक्के काम पूर्ण’ यावर देऊ नका. ७० टक्के म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येत नाही. ‘दुकानदाराला आमच्या सर्व्हरवर ऑर्डर देता येते आणि रद्द करता येते’ हे सांगता येतं, आणि बघताही येतं.

आणखी एक कलम बारकाईने वाचा: त्यांचा डेव्हलपर तुम्ही नोकरीवर घ्यायचा नाही, असं लिहिलेलं असतं. त्यांच्या बाजूने ते रास्त आहे. पण ठरावीक रक्कम देऊन घेता येईल अशी वाट त्यात ठेवून घ्या, पुढे तुमचं ॲप सगळ्यात जास्त कळणारा माणूस तोच असतो.

पायरी ९: आत टीम करणार असाल तर

पहिला माणूस असा घ्या ज्याने एखादी छोटी वस्तू पहिल्यापासून ग्राहकाच्या हातात जाईपर्यंत स्वतः नेली आहे. मोठ्या कंपनीत एकाच कोपऱ्यात वर्षानुवर्षं काम केलेला हुशार माणूस इथे गांगरू शकतो, कारण सर्व्हर बंद पडला तर उठवणारा दुसरा कुणी नसतो. तुम्हाला कोड कळत नसेल तर मुलाखतीला ओळखीतला अनुभवी इंजिनिअर बसवा. तुम्ही स्वतः एवढंच बघा की तो अवघड गोष्ट तुम्हाला समजेल अशी सांगतो का. पुढची दोन-तीन वर्षं तुम्हाला हेच संभाषण रोज करायचं आहे.

कंपनीत हिस्सा देणार असाल तर तो एकदम देऊ नका. स्टार्टअपमध्ये प्रचलित पद्धत अशी आहे की हिस्सा ४ वर्षांत थोडा थोडा मिळतो आणि पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काहीच मिळत नाही.

आणि टीम घरची आहे म्हणून पायरी ७ सोडू नका. एकटा डेव्हलपर सगळं डोक्यात ठेवून एक दिवस राजीनामा देतो, तेव्हा एजन्सी गेल्यावर होते तशीच अवस्था होते.

पायरी १०: बाहेरचं काम आत आणताना

उत्पादन चालायला लागलं की ही वेळ येते, आणि ती शांतपणे निभावता येते. नवी माणसं रुजू झाल्यावर जुनी टीम निदान महिनाभर सोबत ठेवा, त्याचे पैसे वेगळे धरून ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत जुनी टीम काम करेल आणि नवी बघेल, पुढच्या दोन आठवड्यांत नवी करेल आणि जुनी उत्तरं देईल.

हँडओव्हर झाला की नाही हे मीटिंगमधल्या सादरीकरणावरून ठरवू नका. नव्या डेव्हलपरला कोरा लॅपटॉप द्या आणि फक्त कोडसोबत असलेल्या रीडमी या सूचनांच्या फाइलवरून सगळं चालू करायला सांगा, कुणाला न विचारता. तो जिथे अडेल ते लिहून ठेवा, जुन्या टीमकडून ते रीडमीत भरून घ्या, आणि पुन्हा कोऱ्या लॅपटॉपवरून सुरू करा. मग एक छोटा बदल त्याच्याकडून थेट ग्राहकांपर्यंत पोहोचवून बघा, बटणावरचा एखादा शब्द बदलला तरी पुरे. बॅकअपमधून डेटा परत आणूनही बघा. बॅकअप घेतला जातोय असं सगळेच सांगतात, पण तो परत आणून पाहिलेले थोडे असतात.

हे जमलं की जुन्या टीमचे सगळे प्रवेश बंद करा, क्लाउडच्या आणि पेमेंट गेटवेच्या किल्ल्या, म्हणजे या सेवा वापरण्याचे गुप्त कोड, नव्याने बनवा, कोडमध्ये कुठे पासवर्ड लिहून राहिलेत का ते शोधा. शेवटचा हप्ता त्यानंतर द्या, आणि तो मग लगेच द्या. पुढे एखादा जुना बग निघाला की याच लोकांना फोन करावा लागतो.